निषिद्ध रेषा आणि पुण्याचे वेध

१८९१ साली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून, म्हणजे आजच्या सीओईपीमधून, प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाच्या वर्णपटाबद्दल एक छोटा निबंध लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीकडे पाठवला. विषय होता एकाच रेषेचा. सुमारे ५००.७ नॅनोमीटर तरंगलांबीची ही निळसर हिरवी रेषा तेजोमेघांत ठळक दिसे, पण पृथ्वीवरच्या कुठल्याही मूलद्रव्याच्या वर्णपटात ती सापडत नसे. तिचे कारण समजायला आणखी ३६ वर्षे आणि एक नवे शास्त्र लागले. ते शास्त्र म्हणजे पुंज यांत्रिकी, आणि रेषेची किल्ली होती निवडनियमांत.

पुढे पुणे परिसरात खोडदची रेडिओ दुर्बीण उभी राहिली आणि गणेशखिंडीतल्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेत अणुघड्याळ उभारले जात आहे. नायगमवालांच्या वेधांसह ही तिन्ही कामे एकाच प्रकारच्या रेषांवर आधारलेली आहेत. ज्यांना सर्वसाधारण निवडनियम परवानगी देत नाहीत, अशा रेषांवर. म्हणून हा विषय इथूनच समजून घ्यावा असे मला वाटते.

नियम काय सांगतो

अणूतला इलेक्ट्रॉन ठरावीक ऊर्जा पातळ्यांवरच असू शकतो. वरच्या पातळीवरून खाली येताना तो जास्तीची ऊर्जा बहुतेक वेळा एका फोटॉनच्या रूपाने सोडतो आणि वर्णपटात एक रेषा उमटते. या उतरण्याला संक्रमण म्हणतात. पण वर-खाली दोन पातळ्या आहेत म्हणून त्यांच्यात संक्रमण होईलच असे नाही. कुठल्या जोड्यांमध्ये ते सहज होते हे निवडनियम ठरवतात.

गॅसच्या ज्योतीत मीठ पडले की ज्योत पिवळी होते. सोडियमचा बाहेरचा इलेक्ट्रॉन ३-पी पातळीवरून ३-एस पातळीवर उतरतो आणि ५८९.० व ५८९.६ नॅनोमीटरच्या दोन रेषा मिळतात. इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर सरासरी १६ नॅनोसेकंदच थांबतो. ही परवानगी असलेली वाट.

आता हायड्रोजन घ्या. त्याच्या २-पी आणि २-एस या पातळ्यांची ऊर्जा जवळजवळ सारखीच आहे, आणि दोन्हींच्या खाली १-एस ही एकच पायरी आहे. २-पी मधला इलेक्ट्रॉन १.६ नॅनोसेकंदात खाली येतो. २-एस मधल्याला मात्र सुमारे एक अष्टमांश सेकंद लागतो, म्हणजे साडेसात कोटी पट जास्त वेळ. ऊर्जा सारखी, अणू तोच, खालची पातळी तीच. फरक आहे तो फक्त इलेक्ट्रॉनच्या लहरीच्या आकारात.

कोनीय संवेग आणि समता

या फरकाची दोन कारणे आहेत.

पहिले कोनीय संवेगाचे. फोटॉन बाहेर पडताना निदान एक एकक कोनीय संवेग घेऊन जातो, आणि हा हिशेब अणूला चुकता करावाच लागतो. नेहमीच्या, म्हणजे विद्युत द्विध्रुव प्रकारच्या संक्रमणात इलेक्ट्रॉनच्या कक्षीय कोनीय संवेगाचा अंक बरोबर एकने वाढतो किंवा एकने घटतो. एस साठी हा अंक ०, पी साठी १, डी साठी २, एफ साठी ३. म्हणून पी वरून एस वर किंवा डी वरून पी वर येणे सोपे. एस वरून एस वर येणे या वाटेने शक्य नाही.

दुसरे कारण समतेचे. अणुकेंद्राभोवतीच्या प्रत्येक बिंदूच्या जागी त्याचा बरोबर समोरचा बिंदू ठेवला, तर काही पातळ्यांची तरंगफले जशीच्या तशी राहतात. एस आणि डी तशा. पी आणि एफ यांचे चिन्ह उलटते. संक्रमण किती जोरात होईल हे काढताना वरच्या पातळीचे तरंगफल, खालच्या पातळीचे तरंगफल आणि त्यांच्यामध्ये इलेक्ट्रॉनचे स्थान, अशा तिघांचा गुणाकार सगळ्या अवकाशभर मिळवतात. स्थान हे स्वतः चिन्ह उलटवणारे आहे. दोन्ही पातळ्या एकाच समतेच्या असतील तर प्रत्येक बिंदूचे योगदान समोरच्या बिंदूच्या योगदानाने खोडले जाते आणि बेरीज नेमकी शून्य येते. ही खोडाखोड टाळायची असेल तर समता बदललीच पाहिजे. ओटो लापोर्ट यांनी १९२४ मध्ये लोखंडाच्या गुंतागुंतीच्या वर्णपटातून हा नियम शोधला. त्यामागची सममिती यूजीन विग्नर यांनी १९२७ मध्ये उलगडून दाखवली.

तिसरा एक नियम स्पिनचा, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या अंगभूत कोनीय संवेगाचा. प्रकाशाचे विद्युत क्षेत्र इलेक्ट्रॉनच्या स्पिनला हात लावत नाही, म्हणून एकूण स्पिन बदलू नये. पण हा नियम कच्चा आहे. जड अणूंमध्ये स्पिन आणि कक्षा एकमेकांत मिसळतात आणि तो सैल पडतो. जुन्या ट्यूबलाइटमध्ये पाऱ्याच्या वाफेची २५३.७ नॅनोमीटरची अतिनील रेषा आतल्या पांढऱ्या लेपावर पडून उजेड मिळे. ती रेषा स्पिनचा नियम मोडूनच निघते. पुण्यातल्या किती पिढ्यांनी या उजेडात अभ्यास केला असेल!

याउलट काही नियम कडक आहेत. एकूण कोनीय संवेग शून्य असलेल्या पातळीवरून शून्याच्याच दुसऱ्या पातळीवर एक फोटॉन सोडून उतरता येत नाही. कुठल्याही वाटेने नाही.

मोठ्या रस्त्याशेजारच्या पाऊलवाटा

विद्यार्थ्यांचा इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो. वर सांगितलेले नियम विद्युत द्विध्रुव या एका वाटेचे आहेत. अणूचा आकार नॅनोमीटरच्या दहाव्या भागाएवढा, तर दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर. एवढ्या लांब लहरीचे क्षेत्र इवल्याशा अणूच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळजवळ सारखेच असते, म्हणून द्विध्रुवाची वाट सर्वांत रुंद ठरते. पण ‘जवळजवळ सारखे’ म्हणजे अगदी सारखे नव्हे. जो बारीक फरक उरतो त्यातून चुंबकी द्विध्रुव, विद्युत चतुर्ध्रुव, विद्युत अष्टध्रुव अशा आणखी वाटा निघतात. प्रत्येकीचे स्वतःचे निवडनियम आहेत. चुंबकी द्विध्रुव आणि विद्युत चतुर्ध्रुव यांना तर समता न बदलणेच चालते. फक्त या वाटा अतिशय मंद आहेत. दृश्य प्रकाशात द्विध्रुवाला लागतात नॅनोसेकंद, तर यांना मिलिसेकंद, सेकंद, कधी त्याहून किती तरी जास्त.

हायड्रोजनचा २-एस मधला इलेक्ट्रॉन आणखी निराळी युक्ती वापरतो. तो एकाऐवजी दोन फोटॉन सोडतो. दोन पावलांत समता दोनदा उलटते आणि मूळ जागी येते. एकाच वेळी दोन फोटॉन सुटू शकतात हे गणित मारिया गोपर्ट-मायर यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रबंधात मांडले होते.

वर्णपटशास्त्रात ‘निषिद्ध रेषा’ म्हणतात ती या मंद वाटांनी येणाऱ्या रेषेला. मंद संक्रमण पाहायचे तर अणूला तेवढा वेळ कुणी धक्का न लावता राहू द्यावे लागते. पुढची सगळी गोष्ट या एका अटीची आहे.

नायगमवालांची रेषा

नायगमवाला मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले आणि पुढे पुण्यात प्राध्यापक म्हणून आले. भावनगरचे महाराजा तख्तसिंहजी यांनी १८८२ मध्ये ५,००० रुपयांची देणगी दिली, मुंबई सरकारने भर घातली आणि १८८८ मध्ये कॉलेजच्या आवारात महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा सुरू झाली. तिथली २० इंची ग्रब दुर्बीण हा त्या काळच्या भारतातला मोठा ठेवा होता. भारतात खगोलीय वर्णपटांचा अभ्यास वेधशाळेच्या पातळीवर व्हायला लागला त्यात पुण्याचे नाव अगदी आधीच्या काळात येते. आज हे पुण्यातल्याच फार थोड्यांना ठाऊक आहे, याची मला खंत वाटते.

तेजोमेघाची ती हिरवी रेषा विल्यम हगिन्स यांनी १८६४ मध्ये पहिल्यांदा पाहिली होती. पुढे तिला ‘नेब्युलियम’ नावाच्या अज्ञात मूलद्रव्याची रेषा मानण्यात आले. नॉर्मन लॉक्यर यांचे मत वेगळे होते. ती मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड आहे आणि तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे आहेत, असे ते म्हणत. तसे असते तर रेषा एका बाजूने धारदार आणि दुसऱ्या बाजूने पसरट दिसायला हवी होती. नायगमवालांनी वेगवेगळ्या परिस्थितीत निरीक्षण करून नोंदवले की ती दोन्ही बाजूंनी बारीक आणि धारदारच आहे. त्याच सुमारास अमेरिकेतल्या लिक वेधशाळेत जेम्स कीलर यांनी रेषेची जागा अचूक मोजली. मॅग्नेशियमची कल्पना टिकली नाही.

उत्तर १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी दिले. रेषा होती साध्या ऑक्सिजनची, मात्र दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची. त्याच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही पातळ्या एकाच इलेक्ट्रॉन-रचनेतून येतात, म्हणजे त्यांची समता एकच. द्विध्रुवाची वाट बंद. चुंबकी द्विध्रुवाच्या वाटेने आयनाला खाली यायला सरासरी अर्ध्या मिनिटाहून थोडा जास्त वेळ लागतो.

प्रयोगशाळेतल्या नळीत, हवेच्या एक हजारांश दाबालाही, अणू सेकंदाला लाखो वेळा एकमेकांवर आदळतात. अर्धा मिनिट कोण थांबू देणार? ऊर्जा टकरीतच निघून जाते आणि रेषा दिसत नाही. मृगाच्या तेजोमेघात मात्र एका घनसेंटिमीटरमध्ये साधारण हजार ते दहा हजार इलेक्ट्रॉन असतात. आपल्या हवेत तेवढ्याच जागेत सुमारे अडीच लाख कोटी कोटी रेणू असतात, यावरून विरळपणाची कल्पना येईल. तिथे आयनाला पुरेसा निवांतपणा मिळतो आणि मेघाच्या प्रचंड आकारामुळे मंद रेषाही सर्वांत ठळक ठरते. नायगमवालांनी जपून मोजलेली धार खरी होती. तिचा अर्थ लावणारे शास्त्र तेव्हा जन्मायचे होते.

२२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला साधने घेऊन गेले. त्या काळी ग्रहणात दिसणारी सूर्यप्रभेची ५३०.३ नॅनोमीटरची हिरवी रेषाही असेच कोडे होती. तीही निषिद्धच निघाली. १३ इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची ती रेषा आहे हे १९४० च्या आसपास ग्रोट्रियन आणि एडलेन यांच्या कामातून कळले, आणि सूर्यप्रभा दहा लाख अंशांच्या घरात तापलेली आहे हे त्यामुळे मान्य करावे लागले. आदित्य-एल१ यानावरचे प्रभामंडलदर्शक उपकरण आजही हीच रेषा पाहते. त्या यानावरची अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुकाने तयार केली आहे.

१९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, पुण्याची वेधशाळा बंद झाली आणि साधने कोडाईकनालला गेली.

एक कोटी वर्षांची वाट

हायड्रोजनच्या सर्वांत खालच्या पातळीतही एक सूक्ष्म फट आहे. इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांचे स्पिन एका दिशेला असतील तर ऊर्जा किंचित जास्त, विरुद्ध असतील तर किंचित कमी. या दोहोंमधल्या संक्रमणातून २१ सेंटिमीटरची, १,४२०.४ मेगाहर्ट्झची रेडिओ लहर निघते. दोन्ही अवस्था १-एस मधल्याच, समता तीच, म्हणून पुन्हा चुंबकी द्विध्रुवाची मंद वाट. त्यात ऊर्जेचा फरक अगदी लहान, आणि फरक जितका लहान तितके संक्रमण आणखी मंद. परिणाम असा की एका अणूला आपणहून उतरायला सरासरी सुमारे एक कोटी दहा लाख वर्षे लागतात.

अशी रेषा दिसेल असे कुणाला वाटावे? हॉलंडचे हेन्ड्रिक व्हान द हुल्स्ट यांना वाटले, आणि त्यांनी १९४४ मध्ये तसे भाकीत केले. १९५१ च्या मार्चमध्ये हार्वर्डला यूएन आणि पर्सेल यांना ती रेषा मिळाली. कारण साध्या गुणाकारात आहे. विश्वातल्या कोणत्याही थंड ढगात साधारण तीन चतुर्थांश अणू वरच्या अवस्थेत असतात, कारण अवकाशातली जेमतेम २.७ केल्विनची पार्श्वभूमीसुद्धा त्यांना वर ढकलायला पुरते. अशा फक्त एक ग्रॅम हायड्रोजनमधून दर सेकंदाला १०० कोटींहून जास्त फोटॉन निघतात. आकाशगंगेत हायड्रोजन ग्रॅमांत मोजत नाहीत, सूर्यांच्या वस्तुमानात मोजतात, तेही अब्जावधी.

पुण्याच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर, नारायणगावजवळच्या खोडद गावी जीएमआरटी ही दुर्बीण उभी आहे. गोविंद स्वरूप आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या त्यांच्या सहकाऱ्यांनी ती उभारली. तिचे कामकाज पाहणारे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र पुणे विद्यापीठाच्या आवारात आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यांतल्या १४ मध्यभागी दाटीने आणि बाकीच्या सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात तीन बाहूंवर. तबकड्यांना पत्र्याऐवजी बारीक तारांची जाळी वापरली, त्यामुळे वाऱ्याचा जोर आणि खर्च दोन्ही कमी झाले.

दूरच्या, म्हणजे जुन्या काळातल्या हायड्रोजनची लहर विश्वाच्या प्रसरणामुळे ताणली जाऊन २१ सेंटिमीटरहून लांब होते आणि कमी वारंवारतेला येते. खोडदची दुर्बीण नेमक्या याच कमी वारंवारतेच्या पट्ट्यात ताकदवान आहे. २०२० मध्ये आदित्य चौधरी, निसीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये आपले काम प्रसिद्ध केले. एकेका दूरच्या दीर्घिकेचा संकेत इतका क्षीण की तो वेगळा पकडणे अशक्य. म्हणून त्यांनी ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकत्र करून सरासरी काढली आणि सुमारे आठ अब्ज वर्षांपूर्वीचा अणुरूप हायड्रोजन मोजला. ताऱ्यांच्या जन्माचा तेव्हाचा वेग पाहता तो साठा एक-दोन अब्ज वर्षांतच संपला असता. विश्वातली ताऱ्यांची निर्मिती त्या काळानंतर का मंदावली याचे हे सरळ कारण ठरते. सव्वादोन वर्षांनी, जानेवारी २०२३ मध्ये, अर्णब चक्रवर्ती आणि निरुपम रॉय यांनी याच दुर्बिणीतून त्याहून दूरच्या एका दीर्घिकेचा संकेत दाखवला. मधल्या दुसऱ्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने तो सुमारे ३० पट मोठा केला होता आणि लहर ४८ सेंटिमीटरपर्यंत ताणली गेली होती.

हवेतला नियम

निवडनियम रेणूंनाही लागू आहेत. रेणूच्या कंपनाने अवरक्त प्रकाश शोषायचा तर त्या कंपनात विद्युत द्विध्रुव बदलला पाहिजे. नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या रेणूंत दोन्ही अणू सारखे, कंपनात द्विध्रुव शून्यच राहतो. म्हणून कोरड्या हवेचा ९९ टक्के भाग पृथ्वीची उष्णता जवळजवळ न अडवता जाऊ देतो. कार्बन डायऑक्साइडचा रेणू मात्र वाकतो, वाकताना द्विध्रुव निर्माण होतो आणि तो १५ मायक्रोमीटरच्या आसपासचे अवरक्त किरण शोषतो. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत ज्या तापमानवाढीचा अभ्यास चालतो, तिच्या मुळाशी हा एवढा साधा नियम आहे.

मंद म्हणून अचूक

वरच्या पातळीवर इलेक्ट्रॉन जितका जास्त वेळ थांबतो तितकी त्या संक्रमणाची वारंवारता नेमकी असते. अनिश्चिततेच्या तत्त्वाचा हा थेट परिणाम. म्हणजे वेळ मोजायला निषिद्ध संक्रमणच हवे. १९६७ पासून सेकंदाची व्याख्या सीझियमच्या ज्या ९,१९,२६,३१,७७० कंपनांवर उभी आहे, ते संक्रमण हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर रेषेच्याच जातीचे आहे.

आयुकामध्ये सुभदीप डे यांचा गट यटर्बियमच्या एकाच आयनावर चालणारे प्रकाशीय घड्याळ उभारत आहे. विद्युत क्षेत्राच्या सापळ्यात आयन निर्वातात अधांतरी धरायचा, लेसरने थंड करायचा आणि त्याच्या ४६७ नॅनोमीटरच्या संक्रमणाशी दुसऱ्या लेसरची वारंवारता जुळवून ठेवायची. या संक्रमणात एकूण कोनीय संवेग तीन एककांनी बदलतो, म्हणून उरते ती विद्युत अष्टध्रुवाची वाट. वरच्या पातळीचे सरासरी आयुष्य वर्षभराहून जास्त आहे. सेकंदाला सुमारे ६४२ लाख कोटी कंपने, आणि तीही इतकी नेमकी.

पाषाणच्या आयसर या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत स्ट्राँशियमच्या अतिशीत अणूंवर काम चालते. स्ट्राँशियमच्या घड्याळात वापरतात ते संक्रमण शून्यातून शून्यात जाणारे, म्हणजे वर सांगितलेल्या कडक नियमाने पूर्ण बंद. स्ट्राँशियम-८७ च्या अणुकेंद्राला मात्र स्वतःचा स्पिन आहे. तो पातळ्यांमध्ये किंचित मिसळण घडवतो, त्यामुळे केंद्रासकट धरलेला एकूण कोनीय संवेग शून्य राहत नाही आणि अगदी चिंचोळी वाट उघडते. नियम मोडलेला नाही. हिशेबात अणुकेंद्र धरायचे राहिले होते, एवढेच.

शिक्षकांना आणि वाचकांना

पदवीच्या वर्गात निवडनियम बहुधा तीन ओळींच्या यादीसारखे पाठ करून घेतले जातात. पुण्यातल्या शिक्षकांनी त्या यादीशेजारी नायगमवालांची रेषा, खोडदचा हायड्रोजन आणि आयुकाचा यटर्बियम आयन ठेवावा. उदाहरणे हाताशी आहेत, आणि ती परदेशातून आणावी लागत नाहीत.

वाचकांसाठी, दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमारास राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त खोडदला विज्ञान प्रदर्शन भरते. शाळा-कॉलेजांची मुले आपले प्रयोग मांडतात आणि दुर्बीण जवळून पाहता येते. मुलांना घेऊन जरूर जा. आवारात मोबाइल बंद ठेवा, कारण दूरचा हायड्रोजन ज्या पट्ट्यात ऐकू येतो, त्याच पट्ट्यात आपले मोबाइलही बोलत असतात.